जांभळ्या डागांची साक्ष

आपल्याकडे कोणाच्या अंगावर नागीण उठली की घरात कुजबूज सुरू होते. कमरेपासून पाठीकडे किंवा छातीवरून खांद्याकडे लाल पुरळाचा पट्टा चढत जातो, त्यावर पाण्याने भरलेले फोड येतात आणि त्यांची आग अशी असह्य असते की रोग्याला अंगावरचा सदराही नकोसा होतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांस मिळाले की माणूस दगावतो, अशी आपल्या आज्यांची समजूत होती. म्हणून कोणी गेरूचा लेप लावी, कोणी जाणत्याकडून ती उतरवून घेई. डॉक्टरांची आठवण बहुधा सर्वांत शेवटी होई.

नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांच्याच विषाणूचे पुनरागमन होय. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीर सोडून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो. शरीराची प्रतिकारशक्ती पहाऱ्यावर असते तोवर तो निमूट असतो. वार्धक्याने, कर्करोगावरील औषधांनी किंवा अन्य आजाराने हा पहारा ढिला पडला की तो जागा होतो आणि त्या मज्जातंतूच्याच वाटेने त्वचेवर येतो. म्हणूनच नागिणीचा पट्टा सहसा शरीराच्या एकाच बाजूस असतो आणि तिचे तोंड व शेपूट क्वचितच एकत्र येतात. मात्र ज्याची प्रतिकारशक्ती अगदीच खचलेली आहे, त्याच्या अंगावर ती एकाहून अधिक पट्ट्यांत, कधी सर्वांगभर पसरते. आजीची समजूत शब्दशः खरी नव्हती. पण पसरत गेलेली नागीण हे दुबळ्या झालेल्या शरीराचे चिन्ह असते, एवढे सत्य तिच्यात होते.

आमच्या पौरोहित्याच्या सुरुवातीच्या काळात अशा एका नागिणीशी आमची गाठ पडली. त्या प्रसंगी आमच्याकडून जे घडले, त्याची कबुली आम्ही या लेखाच्या अखेरीस देणार आहोत. तत्पूर्वी त्वचेवरील अशाच काही खुणांचा इतिहास वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. हा इतिहास वैद्यकाचा आहे, तसाच तो आपल्या श्रद्धेच्या कसोटीचाही आहे. कारण रोग्याच्या त्वचेवर डाग दिसला की माणसे दोन गोष्टी करतात: काही जण जवळ जाऊन तो न्याहाळतात आणि काही जण तोंड फिरवतात.

व्हिएन्नातील पाच रुग्ण

हंगेरीतील कापोश्वार या गावी १८३७ साली एका गरीब ज्यू कुटुंबात मॉरित्झ कोन या मुलाचा जन्म झाला. वैद्यकाच्या शिक्षणासाठी तो व्हिएन्नास आला आणि त्वचारोगांचे त्या काळातील श्रेष्ठ अभ्यासक फर्डिनांड फोन हेब्रा यांचा शिष्य झाला. पुढे त्याने कॅथॉलिक धर्म स्वीकारला, गुरूच्या कन्येशी विवाह केला आणि १८७१ साली जन्मगावाच्या नावावरून कापोशी हे आडनाव धारण केले. आज जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत हेच नाव आढळते.

१८७२ साली डॉ. कापोशी यांनी आपल्या पाच रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांच्या पायांवर व हातांवर तपकिरी, लालसर आणि जांभळे डाग उमटले होते. डागांच्या गाठी होत, गाठी वाढत आणि काही रुग्णांत त्या शरीराच्या आतील अवयवांपर्यंत पोचत. हा रक्तवाहिन्यांशी संबंधित असा एक प्रकारचा कर्करोग होता. पुढे त्याला 'कापोशी सार्कोमा' हेच नाव पडले. त्याचे कारण मात्र डॉ. कापोशी यांना कळणे शक्य नव्हते. विषाणू नावाची वस्तूच तेव्हा कोणास ठाऊक नव्हती.

नंतरच्या काळात हा रोग मुख्यतः भूमध्य समुद्राच्या परिसरातील आणि पूर्व युरोपीय ज्यू वंशाच्या वृद्ध पुरुषांत आढळू लागला. तो इतका सावकाश वाढे की पुष्कळदा रोगी अन्य कारणानेच वारत असे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेपुरता लक्षात ठेवावा आणि पुढे विसरून जावा, असा हा दुर्मीळ रोग होता.

कापोशींच्या लेखानंतर पुढच्याच वर्षी, १८७३ च्या मे महिन्यात, फादर डेमियन मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत दाखल झाले. त्याच वर्षी नॉर्वेत डॉ. हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला. कुष्ठरोग जंतूमुळे होतो आणि कापोशींचा रोग वेगळ्या जातीचा, हे खरे. तरीही या दोन वर्षांत डागाळलेल्या त्वचेकडे जवळून पाहणारी तीन माणसे तीन ठिकाणी उभी असलेली आपणांस दिसतात: एक रोगाचे वर्णन करणारा, एक त्याचे कारण शोधणारा आणि एक रोग्यांबरोबर राहावयास गेलेला.

दोन दुर्लक्षित सूचना

विसाव्या शतकात या डागांनी वैद्यांना दोन सूचना दिल्या. पहिली आफ्रिकेतून आली. युगांडा, काँगो आदी प्रदेशांत हा रोग मुळीच दुर्मीळ नव्हता. तेथे तो तरुणांत, इतकेच नव्हे तर बालकांतही आढळे. १९६१ साली युगांडातील कंपाला येथे या एकाच रोगावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. एका प्रदेशात एखादा कर्करोग इतका फोफावतो, त्यामागे संसर्ग तर नसेल, असा प्रश्न संशोधकांना पडला होता.

दुसरी सूचना मूत्रपिंडाच्या रोपणानंतर मिळाली. दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून रोग्याला प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे द्यावी लागतात. १९७० च्या दशकात अशा काही रोग्यांच्या अंगावर कापोशींनी वर्णिलेले जांभळे डाग दिसू लागले. आणि विशेष म्हणजे, औषधे कमी केली की काहींचे डाग आपोआप मावळत. जो कर्करोग प्रतिकारशक्ती दुबळी झाली असता उगवतो आणि ती परतली असता मावळतो, त्याच्या मुळाशी एखादा विषाणू दबा धरून बसलेला असावा, असे अनुमान काढता येण्यासारखे होते. नागिणीची रीतही हीच नव्हे काय? परंतु रुग्ण थोडे होते आणि निकड कोणालाच जाणवली नव्हती.

१९८१ चा उन्हाळा

ती निकड १९८१ साली उत्पन्न झाली. त्या वर्षी ५ जून रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रिकेत लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या विलक्षण न्यूमोनियाची बातमी आली. ३ जुलै रोजी त्याच पत्रिकेत दुसरा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया येथील २६ पुरुषांना कापोशी सार्कोमा झाल्याचे त्यात नमूद होते. त्यांपैकी २० न्यूयॉर्कचे, ६ कॅलिफोर्नियाचे. त्यांची वये २६ ते ५१ च्या दरम्यान होती आणि आठ जण निदानानंतर दोन वर्षांच्या आतच मरण पावले होते. ज्या देशात दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एकालाही हा रोग होत नसे, तेथे हे घडत होते.

हे डाग प्रथम न्याहाळणाऱ्यांत न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. ॲल्विन फ्रीडमन-कीन हे होते. वृद्धांच्या पायांवर सावकाश वाढणारा हा रोग या तरुणांच्या चेहऱ्यावर, छातीवर, तोंडाच्या आतही झपाट्याने पसरत होता. त्वचेवर इतरही अनिष्ट चिन्हे उमटत होती. ओठावर येणाऱ्या साध्या पुरळाचा जो विषाणू, त्याच्यामुळे न्यूयॉर्कमधील चार रुग्णांच्या अंगावर मोठमोठे, महिनोन्महिने न भरणारे व्रण झाल्याचा वृत्तान्त त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या अंगावर येणारे मोत्यासारखे निरुपद्रवी फोड या रोग्यांच्या चेहऱ्यावर दाटीने येत व मोठे होत. साध्या चामखिळींनाही आवर नसे. तरुण वयात नागीण उठणे हीसुद्धा पुढे एक महत्त्वाची खूण ठरली. एरवी माणसाच्या शरीरात गुपचूप राहणारे विषाणू एकामागून एक त्वचेवर प्रकट होत होते. आत कोणी तरी पहारेकऱ्यालाच गारद केले होते.

१९८२ साली या रोगाला एड्स हे नाव मिळाले. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी आणि ल्यूक माँटान्ये यांच्या चमूने त्याचा विषाणू वेगळा केला. त्यासाठी त्या दोघांना २००८ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. आज एच.आय.व्ही. या नावाने परिचित असलेला हा विषाणू रक्तातील ज्या पांढऱ्या पेशी प्रतिकारशक्तीचे सूत्रसंचालन करतात, त्यांचाच नाश करतो. तो स्वतः त्वचेवर दिसत नाही. पण त्याने पाडलेल्या भगदाडातून जे आत शिरतात किंवा आतून बाहेर येतात, ते दिसतात.

डाग आणि कलंक

मराठीत डाग या शब्दाला दोन अर्थ आहेत. अंगावर पडतो तो डाग आणि घराण्याच्या नावाला लागतो तोही डाग. एड्सच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एक झाले. पहिले रुग्ण बहुतांशी समलिंगी पुरुष होते. त्यामुळे वृत्तपत्रांनी व लोकांनी या रोगाला त्यांच्या नावाने हिणवले. १९८२ सालीच हीमोफिलिया या रक्तस्रावाच्या विकाराचे रुग्ण, रक्त घेतलेली माणसे आणि लहान बालके यांतही तो आढळला. परंतु एकदा बसलेला शिक्का पुसला गेला नाही. चेहऱ्यावर जांभळा डाग उमटलेल्या माणसाला नोकरी, घर आणि पुष्कळदा स्वतःचे कुटुंबही गमवावे लागले. १९९३ सालच्या 'फिलाडेल्फिया' या चित्रपटात एका वकिलाच्या कपाळावरील असा डाग वरिष्ठाच्या नजरेस पडतो आणि पुढे त्याची नोकरी जाते. पडद्यावरील ती कथा कित्येकांच्या आयुष्यात घडून गेलेली होती.

हा देवाचा कोप आहे, असे म्हणणारे त्या काळी ख्रिस्ती जनांतही होते, हे आम्हांस खेदाने नमूद करावे लागते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, असा प्रश्न प्रभू येशूला केला होता. प्रभूने त्या प्रश्नाची चौकटच मोडून काढली आणि त्याला दृष्टी दिली. तरीही दोन हजार वर्षांनी आम्ही तोच प्रश्न विचारीत होतो. जुन्या करारातील लेवीय ग्रंथात त्वचेवरील डागांची परीक्षा याजकाने करावी आणि अशुद्ध ठरलेल्याने छावणीबाहेर राहावे, असा नियम आहे. तो नियम जाणणाऱ्या समाजात प्रभूने हात पुढे करून कुष्ठरोग्याला स्पर्श केला. शब्दाने बरे करणे त्याला शक्य होते. तरी त्याने स्पर्श केला, हे शुभवर्तमानकारांनी मुद्दाम नोंदवून ठेवले आहे.

संत वेरोनिकेच्या धर्मग्रामात

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज या भागात एड्सने सर्वाधिक घरे उद्ध्वस्त केली. तेथेच सिस्टर्स ऑफ चॅरिटी या धर्मभगिनींनी १८४९ साली स्थापिलेले सेंट व्हिन्सेंट रुग्णालय होते. पटकीच्या साथीत गोरगरिबांची शुश्रूषा करून नावारूपास आलेल्या या रुग्णालयाने १९८४ साली एड्सच्या रोग्यांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. धर्मसंस्थेचे रुग्णालय आपणांस कसे वागवील, या धास्तीने तेथे आलेल्या कित्येकांना अखेरच्या दिवसांत तेथेच हात धरणारे कोणी भेटले. तेथेही सर्व काही सुरळीत नव्हते. रुग्णांच्या मित्रांना रुग्णालयाच्या वागणुकीविरुद्ध निदर्शनेही करावी लागली आणि त्यांतून रुग्णालय शिकत गेले. २०१० साली ते बंद झाले.

त्याच वस्तीत संत वेरोनिकेच्या नावाचे धर्मग्राम होते. १९८५ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला, तेथील धर्मगुरुनिवासात मदर तेरेसा यांनी एड्सग्रस्तांसाठी 'गिफ्ट ऑफ लव्ह' हे निवासगृह उघडले. सिंग सिंग तुरुंगातील तीन रोगी कैद्यांची त्यांनी राज्यपालांकडून सुटका मिळवली होती, ती माणसे त्या घरातील पहिल्या रहिवाशांत होती. कोलकात्याच्या रस्त्यावरून मरणोन्मुखांना उचलून आणणाऱ्या भगिनी आता जगातील सर्वांत श्रीमंत नगरांपैकी एकात तेच काम करू लागल्या.

क्रूसाच्या वाटेवरील सहाव्या स्थानाशी आपण दर प्रायश्चित्तकाळात गुडघे टेकतो. रक्ताने व धुळीने माखलेला प्रभूचा चेहरा वेरोनिका आपल्या वस्त्राने पुसते, अशी परंपरा आहे. ज्यांच्या चेहऱ्याकडे पाहणे लोकांनी टाळले, त्यांना तिच्याच नावाच्या धर्मग्रामात आसरा मिळावा, हा योगायोग असेल. पण वेरोनिकेने काय केले, याचा अर्थ आम्हांस त्या घराची हकिकत वाचून अधिक समजला.

१९८७ च्या सप्टेंबरात पोप जॉन पॉल दुसरे सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन डोलोरेस या प्राचीन मंदिरात एड्सच्या रोग्यांना भेटले. रक्त घेतल्यामुळे एड्स झालेल्या एका लहान मुलाला त्यांनी कवेत घेतले आणि देवाची प्रीती कोणालाही वगळीत नाही, असा दिलासा सर्वांना दिला. त्याच वर्षी लंडनमध्ये राजकन्या डायना यांनी हातमोजे न घालता एका रुग्णाशी हस्तांदोलन केले. हे स्पर्श जगाने छायाचित्रांतून पाहिले. हा रोग हात धरल्याने होत नाही, हे डॉक्टर सांगतच होते. लोकांचा विश्वास मात्र ते डोळ्यांनी पाहिल्यावर बसू लागला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथानेही समलिंगी व्यक्तींशी आदराने व करुणेने वागावे, त्यांच्याबाबत अन्यायकारक भेदभाव करू नये, असे बजावले आहे. ख्रिस्तसभेची नीतिविषयक शिकवण आणि रोग्याचा हात धरण्याचे कर्तव्य यांत विरोध नाही, हे त्यावरून आपण ध्यानी घ्यावे.

विषाणू सापडतो

जांभळ्या डागांचे कोडे मात्र अद्याप सुटले नव्हते. एच.आय.व्ही. हेच त्यांचे थेट कारण असते, तर सर्व एड्सग्रस्तांत ते सारख्या प्रमाणात दिसले असते. १९९० साली डॉ. व्हॅलरी बेराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ९० हजारांहून अधिक एड्सग्रस्तांच्या नोंदी तपासल्या. समलिंगी व उभयलिंगी पुरुषांत सुमारे २१ टक्क्यांना कापोशी सार्कोमा झालेला होता. रक्तघटकांच्या औषधातून एच.आय.व्ही. ची बाधा झालेल्या हीमोफिलियाच्या रोग्यांत हे प्रमाण केवळ १ टक्का होते. त्यावरून त्यांनी असे अनुमान मांडले की या डागांमागे दुसराच एखादा संसर्ग असावा.

हा दुसरा गुन्हेगार १९९४ साली सापडला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉ. युआन चांग आणि डॉ. पॅट्रिक मूर या दांपत्याने एकाच रुग्णाच्या डागाळलेल्या व निरोगी अशा दोन्ही ऊतींतील जनुकीय द्रव्याची तुलना केली. जे दोन्हींत समान, ते वजा करीत जावयाचे आणि केवळ रोगट भागात उरेल ते पाहावयाचे, अशी ती पद्धत होती. उरलेल्या तुकड्यांतून एक अज्ञात विषाणू उघडकीस आला. नागीण आणि ओठावरील पुरळ यांच्या विषाणूंच्याच कुळातील तो मानवात आढळलेला आठवा सदस्य होता. पुढे भूमध्य प्रदेशातील वृद्ध, आफ्रिकेतील रुग्ण आणि मूत्रपिंड रोपण झालेले रोगी या सर्वांच्या डागांत हाच विषाणू मिळाला. १८७२ साली व्हिएन्नात विचारला गेलेला प्रश्न १२२ वर्षांनी सुटला. याच दांपत्याच्या प्रयोगशाळेने २००८ साली मर्केल पेशींच्या कर्करोगातही एक विषाणू शोधला. हा त्वचेचा कर्करोगही वृद्धांत आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्यांत अधिक आढळतो.

१९९६ पासून एच.आय.व्ही. वर अनेक औषधांचा संयुक्त उपचार सुरू झाला आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांत जे दिसले होते त्याचाच पुन्हा प्रत्यय आला. प्रतिकारशक्ती परतू लागली, तसे अनेकांचे डाग फिकट होत गेले व मावळले. पाश्चात्त्य देशांत हा रोग झपाट्याने कमी झाला. जेथे औषधे उशिरा पोचली, त्या आफ्रिकेत मात्र त्याने पुढेही पुष्कळ बळी घेतले.

आपल्या किनाऱ्यावर

ही सारी दूरदेशीची कथा आहे, असे समजून आपणांस स्वस्थ बसता येणार नाही. भारतात एच.आय.व्ही. ची बाधा प्रथम १९८६ साली चेन्नई येथे उघडकीस आली. डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने जमविलेल्या रक्तनमुन्यांतून हा शोध लागला. सुनीतीबाई मूळच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील. त्यांनी विवाह केला तो एका ख्रिस्ती डॉक्टरांशी. पुढे त्यांनी आपले उर्वरित आयुष्य या रोग्यांच्या सेवेस वाहिले आणि आपल्या संस्थेला वडिलांचे नाव दिले. २०१५ साली त्या निवर्तल्या.

गोव्यातील घटना आपल्या समाजाच्या अधिक जवळची आहे. पर्रा गावचे डॉमिनिक डिसोझा हे नियमित रक्तदान करणारे तरुण. १९८९ च्या फेब्रुवारीत त्यांना पोलीस ठाण्यावर बोलावण्यात आले. दान केलेल्या रक्तात एच.आय.व्ही. आढळला होता, हे त्यांना ठाऊकही नव्हते. तेव्हाच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यान्वये त्यांना सक्तीने एकांतवासात ठेवण्यात आले. त्यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितली. ६४ दिवसांनंतर त्यांची सुटका झाली; परंतु न्यायालयाने त्या कायद्यातील विलगीकरणाची तरतूद रद्द केली नाही. १९९२ साली त्यांनी मित्रांसह 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभारली आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे निधन झाले. लेवीय ग्रंथातील छावणीबाहेरचा नियम विसाव्या शतकाच्या अखेरीस एका कॅथॉलिक तरुणाला असा भोगावा लागला.

त्यानंतर पुष्कळ बदल झाले. १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांतील सरकारी रुग्णालयांत एच.आय.व्ही. वरील औषधे विनामूल्य मिळू लागली. २०१७ साली संसदेने संमत केलेल्या कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आला, या रोग्यांविषयी नोकरी, शिक्षण व उपचार यांत भेदभाव करण्यास मनाई केली आहे. नियमाने औषधे घेणारा रोगी आज दीर्घ व कामकाजाचे आयुष्य जगू शकतो.

आपल्या देशात कापोशींचे जांभळे डाग विरळाच दिसतात. येथे दुबळ्या प्रतिकारशक्तीची वार्ता बहुधा नागीण आणते, अथवा चेहऱ्यावरील मोत्यासारखे फोड. याचा अर्थ नागीण झालेल्या प्रत्येकाला एच.आय.व्ही. आहे, असा कोणीही करू नये. बहुसंख्यांना ती केवळ वयपरत्वे होते. मात्र तरुणपणी उठलेली, पुनःपुन्हा होणारी किंवा अंगभर पसरणारी नागीण डॉक्टरांना तत्काळ दाखवावी. फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू झाल्यास त्याचा गुण अधिक येतो. ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत अशांनी, विशेषतः गरोदर स्त्रियांनी, फोडांतील पाण्याचा संपर्क टाळावा. पुरळ झाकून ठेवावे, हात धुवावेत. एवढी दक्षता पुरेशी आहे. माणसाला खोलीत कोंडण्याचे कारण नाही.

एक कबुली

आता आरंभी दिलेला शब्द पाळतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आम्ही नव्यानेच दीक्षित झालो होतो. एका घरातून रोग्याला तैलाभ्यंग देण्यासाठी बोलावणे आले. तिशीच्या आतला मुलगा मागच्या खोलीत निजला होता. छातीपासून पाठीपर्यंत नागिणीचे दोन पट्टे, त्यावर गेरूचा वाळलेला लेप, कपाळावर व गालांवर दाटीने आलेले पांढरट फोड. त्याची आई एवढेच म्हणाली, "नागीण झाली हो फादर, दृष्ट लागली पोराला." रोगाचे नाव घरात कोणी उच्चारले नाही, पण ताटवाटी वेगळी ठेवलेली आम्हांस दिसली आणि काय समजावयाचे ते आम्ही समजलो.

या रोगाविषयी आम्ही सेमिनरीत वाचलेले होते. स्पर्शाने तो होत नाही, हे पाठ होते. तरीही कपाळावर पवित्र तेल लावताना आमचा अंगठा पुढे झाला नाही. आम्ही खिशातून कापूस काढला, तो तेलात बुडवला आणि त्याने दुरूनच क्रूसाची खूण केली. प्रार्थना एका अक्षराने चुकली नाही. मुलाने डोळे उघडले आणि हळूच म्हटले, "फादर, हातानं लावा ना."

आम्ही पुन्हा तेल घेतले आणि अंगठ्याने त्याच्या कपाळावर व दोन्ही तळव्यांवर लावले. त्याची त्वचा तापाने कढत होती. त्याने आमची बोटे थोडा वेळ धरून ठेवली. तीन आठवड्यांनी आम्ही त्याची अंत्ययात्रा चालवली. मिस्साबलिदानास घरची माणसे आणि मोजके शेजारी होते. शवपेटी उचलावयास माणसे कमी पडली, तेव्हा एक खांदा आम्ही दिला.

पुढील काळात आम्ही अनेकांना तैलाभ्यंग दिला आहे. कापूस पुन्हा वापरला नाही, एवढे सांगू शकतो. परंतु त्या मुलाला ते मागावे लागले, हे आम्ही विसरलेलो नाही. रोग्याच्या कपाळाला हात लावावा, हे मरणाच्या दारातील माणसाने धर्मगुरूला शिकवावे लागले.

आज आपल्या धर्मग्रामांत एच.आय.व्ही. सह जगणारी कुटुंबे आहेत; कर्करोगावर उपचार घेणारे आहेत; कोणाला मूत्रपिंड बसवले आहे, कोणी ती औषधे जन्मभर घेणार आहे. त्यांच्यापैकी एखाद्याच्या अंगावर उद्या नागीण उठेल, कोणाच्या चेहऱ्यावर फोड येतील. शांतीचे अभिवादन देताना असा कोणी आपल्या शेजारी उभा असेल, तेव्हा हात पुढे करावयाचा की नुसती मान लववावयाची, हे ठरविण्यास आपणांस क्षणभरच मिळेल. तेवढ्या वेळात वैद्यकाचा इतिहास आठवणार नाही. म्हणून तो आजच वाचून ठेवावा आणि हात पुढे करण्याची सवय आधीपासून लावून घ्यावी, एवढीच आमची विनंती.